तोंडातली बिऱ्हाडं

हॉलंडात डेल्फ्ट नावाचं एक गाव आहे. साडेतीनशे वर्षांमागं तिथं आंतोनी व्हान लेव्हेनहूक नावाचा कापडवाला राहायचा. कापडाचा पोत पारखायला भिंग लागतंच, पण या गड्याला कापडापेक्षा भिंगाचाच नाद लागला, आणि तो असा लागला की हातानं घासून घासून त्यानं असली बारीक भिंगं केली, तसली त्या वेळी दुसऱ्या कुणाला साधली नाहीत. मग काय, पावसाचं पाणी म्हणू नका, मिरी भिजवलेलं पाणी म्हणू नका, दिसेल ते उचलायचं आणि भिंगासमोर धरायचं. लॅटिन येत नव्हतं, त्यामुळं विद्वानांच्या पंगतीत पाट मिळायची सोय नव्हती. पण लंडनच्या रॉयल सोसायटीला तो आपल्या डच बोलीतच लांबलचक पत्रं धाडायचा, आणि तिथले विद्वान ती भाषांतर करून घेऊन मिटक्या मारत वाचायचे.

त्यातलं सप्टेंबर १६८३ चं पत्र आहे दातांबद्दल. इकडं आपल्याकडं तेव्हा रायगडावर संभाजीराजे गादीवर होते, म्हणजे काळ ध्यानात येईल. हा पन्नाशीतला गृहस्थ लिहितो की मी रोज सकाळी मिठानं दात घासतो, चूळ भरतो, जेवणानंतर काडीनं दाढा कोरतो, वर फडक्यानं खसाखसा पुसतो, आणि त्यामुळं माझ्या वयाच्या माणसांत माझ्याइतके स्वच्छ दात फारसे कुणाचे नसतील. एवढी बढाई मारून झाल्यावर पुढं म्हणतो, तरीपण दोन दाढांच्या फटीत पांढरं पिठूळ काहीतरी राहतंच. ते त्यानं काढलं, स्वच्छ पावसाच्या पाण्यात कालवलं आणि पाहिलं, तर काय, आत बारके बारके जीव वळवळताहेत! काही सुळकन पुढं जाणारे, काही भोवऱ्यागत गिरक्या घेणारे. मग गड्याला चैन पडेना. घरातल्या बायकांच्या दातांवरचं खरवडून पाहिलं, एका लहान पोराचं पाहिलं, आणि मग गाठ पडली एका म्हाताऱ्याशी, ज्यानं जन्मात दात घासलेले नव्हते. त्याच्या तोंडात तर अशी दाटी, की पाणीच जिवंत झाल्यासारखं वाटावं. त्याच पत्रात त्यानं लिहून ठेवलंय की आपल्या सगळ्या देशात जेवढी माणसं नाहीत, तेवढे जीव एकट्या माझ्या तोंडात आहेत. आणि त्याआधी घरी आलेल्या बायकांना त्यानं शिरक्यातले किडे दाखवले होते, तेव्हा त्यातल्या काहींनी शिरका कायमचा सोडायच्या आणाभाका घेतल्या म्हणे. शिरका सोडता येतो हो, तोंड कुठं सोडणार?

आज आपल्याला ठाऊक आहे की माणसाच्या तोंडात राहू शकणाऱ्या जिवाणूंच्या जाती सातशेच्या घरात आहेत. एका माणसाच्या तोंडात त्या सगळ्या नसतात, काही शे असतात. लाळेच्या एका थेंबात लाखांनी जीव, आणि लाळ तर दिवसाकाठी अर्धा ते दीड लिटर तयार होते. आता कुणाला वाटेल, ही सगळी गर्दी एकमेकांत मिसळलेली असेल. तर नाही. इथं ज्याचं त्याचं बिऱ्हाड ठरलेलं. जिभेच्या पाठीवर राहणारे वेगळे, गालाच्या आतले वेगळे, दात आणि हिरडी यांच्या बेचक्यात, जिथं वारा लागत नाही तिथं, प्राणवायूचं वावडं असणारे वेगळे. दातावरच्या थरात तर अशी नीट मांडणी सापडली आहे की पाहतच राहावं. कॉरिनेबॅक्टेरियम नावाचा लांब तंतूसारखा जिवाणू मधोमध उभा असतो आणि त्याच्या टोकाशी स्ट्रेप्टोकॉकसचे गोल गोल दाणे दाटीनं चिकटून बसलेले असतात, हुबेहूब मक्याचं कणीस. शास्त्रज्ञही त्याला कणीसच म्हणतात. हे स्ट्रेप्टोकॉकस साखर खाऊन लॅक्टिक आम्ल टाकतात, आणि शेजारची व्हेइलोनेला नावाची मंडळी तेच आम्ल खाऊन जगतात. एकाचं सांडपाणी, दुसऱ्याचं जेवण.

आणि हे लोक फुकट राहतात असंही समजू नका. पालक, बीट, मुळा असल्या भाज्यांत नायट्रेट असतं. ते पोटातून रक्तात जातं, आणि गंमत बघा, रक्तातून पुन्हा लाळेत येतं. लाळेच्या ग्रंथी ते मुद्दाम गोळा करून तोंडात सोडतात. का, तर जिभेच्या पाठीवरचे जिवाणू त्याचं नायट्राइट करून देतात, ते आपण गिळतो, आणि त्यापासून पुढं शरीरात रक्तवाहिन्या सैल करणारा नायट्रिक ऑक्साइड वायू तयार होतो. आपल्याला स्वतःला हे काम येत नाही. जंतू मारणाऱ्या जालीम औषधानं रोज चुळा भरणाऱ्या माणसांचा रक्तदाब थोडा वर सरकलेला दिसलाय, तो याचमुळं. तोंडातला सगळा जीवजंतू मारून टाकला म्हणजे माणूस निरोगी झाला, हे काही खरं नव्हे.

पण मला आज सांगायचंय ते या गर्दीतल्या एका वेगळ्याच बिऱ्हाडाबद्दल. त्याचं नाव कँडिडा अल्बिकन्स. ही जिवाणू नव्हे, बुरशी. यीस्टच्या जातीची, गोल गोल पेशींची. धडधाकट माणसांपैकी जवळजवळ निम्म्यांच्या तोंडात ही असतेच, जन्मभर असते, आणि तिचा तपास कधी लागत नाही, कारण तिनं कधी कुरबूरच केलेली नसते. आमच्या लहानपणी घरात तान्हं मूल आलं की म्हाताऱ्या बाया त्याला मांडीवर घेऊन आधी त्याची जीभ बघायच्या. जिभेवर पांढरा थर दिसला की पदराच्या टोकानं पुसून बघायच्या. दुधाचा असला तर सहज निघायचा, आणि निघाला नाही, खरवडल्यावर खाली लालभडक दिसलं, तर मग चेहरे गंभीर व्हायचे. ती हीच बुरशी. तान्ह्या पोराची प्रतिकारशक्ती अजून नीट शिकलेली नसते म्हणून ती तिथं हातपाय पसरते. थोडं मोठं झालं की आवरली जाते.

आवरतं कोण, ही खरी गोष्ट. कँडिडाला दोन रूपं घेता येतात. शांत असते तेव्हा ती गोल पेशींच्या रूपात राहते. संधी मिळाली की तिला लांब तंतू फुटतात, आणि ते तंतू गालाच्या, जिभेच्या कातडीत शिरतात. शिरताना ती एक नेमकं विष सोडते, ३१ अमिनो आम्लांची एक इवलीशी साखळी, जी पेशीच्या पडद्याला भोकं पाडते. हे विष सापडलं ते अगदी अलीकडं, २०१६ साली, आणि त्याला कँडिडालायसिन नाव दिलंय. बुरशीला असलं विष असावं हे तोवर कुणाच्या ध्यानातच आलेलं नव्हतं. पण आपलं शरीर मात्र ते केव्हाचं ओळखून होतं! भोकं पडायला लागली की कातडीच्या पेशी आरडाओरडा करतात, आणि मग टी-एच १७ नावाच्या पांढऱ्या पेशी एक रसायन सोडतात, इंटरल्यूकिन-१७. त्यानं दोन कामं होतात. न्यूट्रोफिल नावाच्या भक्षक पेशींना बोलावणं जातं, आणि कातडी स्वतःच बुरशी मारणारी प्रथिनं पाझरायला लागते. लाळेत हिस्टॅटिन नावाचं बुरशीनाशक तर बारा महिने असतंच. एवढं सगळं आपल्या नकळत, जेवताना, गप्पा मारताना, घोरताना चालू असतं, आणि बुरशी गोल ती गोलच राहते. ज्या काही मोजक्या माणसांत जन्मतःच हे इंटरल्यूकिन-१७ चं काम बिघडलेलं असतं, त्यांना तोंडाची आणि नखांची बुरशी आयुष्यभर सतावते, यावरून याचा बराचसा उलगडा झाला.

आता या टी-एच १७ पेशी म्हणजे सीडी-४ पेशींच्याच भावकीतल्या. आणि सीडी-४ हा शब्द तुम्ही ऐकला असेल. एचआयव्हीची औषधं देणाऱ्या एआरटी सेंटरच्या बाकावर बसलेली माणसं एकमेकांना तब्येत विचारत नाहीत, विचारतात, ‘सीडी फोर किती आला?’ एचआयव्हीचा विषाणू घुसतो तो याच पेशींत. निरोगी माणसाच्या रक्ताच्या एका घन मिलिमीटरात या पेशी ५०० ते १५०० असतात. उपचार नसतील तर वर्षानुवर्षं त्या हळूहळू झिजत जातात, आणि २०० च्या खाली आल्या की त्या अवस्थेला एड्स म्हणतात. त्यातही आतड्यासारख्या ओल्या अस्तरांतल्या टी-एच १७ पेशी विषाणू फार लवकर खातो. म्हणजे बघा, बुरशी बाहेरून आलेलीच नाही. ती होती तिथंच होती. तिला गोल ठेवणारी माणसं, म्हणजे पेशी हो, तेवढ्या घरातून नाहीशा झाल्या.

५ जून १९८१ ला अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या साप्ताहिकात एक छोटंसं टिपण आलं. लॉस एंजलीसच्या मायकेल गॉटलिब नावाच्या तरुण डॉक्टरानं आणि त्याच्या सोबत्यांनी पाच तरुणांची हकिकत लिहिली होती. पाचही जण आधी धडधाकट, आणि पाचही जणांना न्यूमोसिस्टिसचा न्यूमोनिया, जो चांगल्या प्रकृतीच्या माणसाला होतच नाही. जगात एड्सची पहिली नोंद म्हणून हे टिपण आता प्रसिद्ध आहे. पण त्यात एक वाक्य लोक पुढं विसरले: पाचहीजणांना कँडिडाचीही लागण होती. आणखी गंमत अशी की ज्या न्यूमोसिस्टिसला त्या वेळी प्राणीजातीतला परजीवी समजत होते, तीही बुरशीच निघाली, पण ते कळायला १९८८ साल उजाडलं. म्हणजे या रोगाच्या पहिल्या कागदावर सह्या होत्या त्या दोन बुरशींच्या. खरा गुन्हेगार विषाणू पॅरिसमध्ये सापडला तो १९८३ मध्ये.

या सुरुवातीच्या काळात, रक्ताची तपासणी अजून हाती आलेली नसताना, डॉक्टरांच्या हाती होतं काय? बॅटरी आणि लाकडी चपटी काडी. ‘आ करा.’ न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी १९८४ साली लिहून ठेवलं की कारण सापडत नाही अशी पांढरी बुरशी धोका असलेल्या ज्या माणसांच्या तोंडात दिसते, त्यांतल्या बऱ्याच जणांना पुढं काही महिन्यांतच एड्सची मोठी दुखणी लागतात. त्याच वर्षी सॅन फ्रान्सिस्कोत जॉन आणि डेबरा ग्रीनस्पॅन या नवराबायकोनं जिभेच्या कडेवर एक नवाच पांढरा पट्टा पाहिला. उभ्या उभ्या सुरकुत्यांचा, केसाळ दिसणारा, आणि कितीही खरवडला तरी न निघणारा. तो निघाला एपस्टाइन-बार नावाच्या विषाणूचा, जो मोठ्या माणसांपैकी शंभरातल्या नव्वदांच्या अंगात लहानपणापासून मुक्कामाला असतो. पुन्हा तेच! नवीन कुणी आलेलं नाही, जुनंच बिऱ्हाड उठून बसलेलं.

आणि आणखी एक विचित्र गोष्ट, जी मला फार आवडते. तोंडात एवढा हैदोस घालणारी ही बुरशी एचआयव्हीच्या माणसाच्या रक्तात मात्र सहसा शिरत नाही. अन्ननलिकेपर्यंत उतरते, गिळताना घास अडकतो, माणूस जेवण टाकतो, पण तिथून आत रक्तात जाणं तिला क्वचितच जमतं. उलट कर्करोगाच्या कडक औषधांनी ज्यांच्या न्यूट्रोफिल पेशी संपतात, त्यांच्या रक्तात ती शिरते आणि जीव घेते. म्हणजे कातडीच्या अलीकडं राखण एकाची आणि पलीकडं राखण दुसऱ्याची. एचआयव्हीत अलीकडचा राखणदार जातो, पलीकडचा बराचसा शाबूत राहतो. शरीरानं ही वाटणी कधी करून ठेवली कोण जाणे, पण हा रोग आल्यामुळं ती दिसली.

आपल्या देशात एचआयव्ही आहे हे १९८६ साली पहिल्यांदा दाखवून दिलं ते चेन्नईत, डॉक्टर सुनीती सॉलोमन यांनी. आडनावावरून कळायचं नाही, पण बाई माहेरच्या गैतोंडे. चेन्नईत चामड्याचा व्यापार करणारं मराठी घराणं होतं त्यांचं. असल्या आजाराची चाचणी भारतात करायचीच कशाला, आपल्याकडं तो येणारच नाही, असं म्हणणारे तेव्हा पुष्कळ होते. बाईंनी आपल्या विद्यार्थिनीकडून, निर्मला यांच्याकडून, रक्ताचे नमुने गोळा करवले आणि त्यांत तो विषाणू खरंच निघाला. पुढं १९९३ मध्ये त्यांनी वडिलांच्या नावानं वाय. आर. गैतोंडे केंद्र काढलं. त्या केंद्रातल्या डॉक्टरांनी आणि चेन्नईच्याच दातांच्या डॉक्टरांनी मिळून ३०० एचआयव्हीबाधितांची तोंडं नीट तपासली, आणि २००० साली ते छापून आलं: हिरड्यांची सूज आणि पांढरी बुरशी, ही दोन दुखणी सगळ्यांत पुढं. ज्या गावात सीडी-४ मोजायचं यंत्र नाही, तिथं दाताच्या डॉक्टरानं तोंडात डोकावून बघितलं तरी पुष्कळ कळतं, हा त्याचा अर्थ.

तोंड म्हटलं की मला आमच्या स्टँडजवळची एक चहाची टपरी आठवते. नव्वदीच्या सालांतली गोष्ट. गावातला एक ट्रकवाला होता, हसतमुख, चार राज्यांच्या गोष्टी सांगणारा. त्याला ‘तो’ आजार झालाय अशी कुजबूज झाली आणि दुसऱ्या दिवसापासून टपरीवाल्यानं त्याच्यासाठी कान तुटलेला एक कप निराळा ठेवला. तो मुकाट्यानं त्यातून चहा प्यायचा आणि स्वतः विसळून फळीवर पालथा घालायचा. टपरीवर वेगळा कप ठेवायची खोड आपल्याकडं फार जुनी आहे, ती कुणासाठी असायची तेही तुम्हाला ठाऊक आहे. या वेळी तिला विज्ञानाचं निमित्त मिळालं एवढंच. आणि निमित्त तरी कसलं खोटं! कारण लाळेइतकं या विषाणूशी हाडवैर दुसऱ्या कशाचं नसेल. लाळेत विषाणू मुळात अगदी थोडा येतो. आला तरी तिथली चिकट प्रथिनं त्याला गुरफटून टाकतात. १९९५ मध्ये अमेरिकेत असं दिसलं की लाळेतलं एक लहानसं प्रथिन या विषाणूला पेशीत शिरायला अडवतं. आणि सगळ्यांत साधी गोष्ट म्हणजे मीठ. लाळेत मीठ रक्तापेक्षा कितीतरी कमी असतं, त्यामुळं विषाणू पोटात घेऊन आलेली पांढरी पेशी लाळेत पडली की पाणी पिऊन फुगते आणि फटकन फुटते. कप धुवायच्या आधीच लाळेनं आपलं काम केलेलं असायचं. हे त्या टपरीवर कुणाला ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक असतं तरी कप निराळाच राहिला असता असं मला वाटतं.

पुढं औषधं आली. आधी आली ती फक्त श्रीमंत देशांत, माणशी वर्षाला दहा-पंधरा हजार डॉलरांना. मग २००१ साली मुंबईच्या सिप्ला कंपनीचे युसूफ हमीद यांनी तीन औषधांचा संच वर्षाला ३५० डॉलरांत देऊ केला आणि जगभर खळबळ उडाली. आपल्या सरकारनं १ एप्रिल २००४ पासून ही औषधं मोफत द्यायला सुरुवात केली. पहिल्या आठ केंद्रांत मुंबईचं जे. जे. रुग्णालय होतं. २०१७ पासून तर सीडी-४ कितीही असो, लागण कळली की गोळ्या चालू. आणि गोळ्या चालू झाल्या की पहिली सुधारते ती बऱ्याचदा जीभच. सीडी-४ वर चढतात आणि ती पांढरी बुरशी कुणी न सांगता परत गोल होऊन बसते. ती मरत नाही बरं का. फक्त गप्प होते.

आता तुम्ही विचाराल, मग सगळं तोंड पुन्हा पहिल्यासारखं होतं का? इथं शास्त्रज्ञांचं एकमेकांशी जमत नाही. एक जण लाळ तपासतो आणि म्हणतो, एचआयव्हीच्या माणसाचे जिवाणू फार बदललेत. दुसरा म्हणतो, छे, जवळजवळ तेच आहेत. यात नवल नाही. एकानं तपासलेली माणसं तंबाखू खाणारी, दुसऱ्याची न खाणारी. कुणाच्या हिरड्या सडलेल्या, कुणाचं तोंड औषधांनी कोरडं पडलेलं, कुणाला गोळ्या चालू होऊन दहा वर्षं झालेली. आमच्याकडच्या मिसरी लावणाऱ्या बायका आणि डेल्फ्टचा मिठानं दात घासणारा यांची लाळ एकसारखी कशी निघेल? त्यामुळं या भानगडीत मी फार शिरत नाही. पण अमेरिकेत क्लीव्हलँडला २०१४ साली एक काम झालं, ते ऐकण्यासारखं आहे.

महमूद घन्नूम आणि त्यांच्या मंडळींनी १२ एचआयव्हीबाधित आणि १२ निरोगी माणसांची तोंडं तपासली, आणि जिवाणूंबरोबर बुरशीही मोजल्या. तोवर सगळे जिवाणूंच्या मागं, बुरशीकडं कुणी फारसं पाहत नव्हतं. तर जिवाणू दोन्हीकडं जवळजवळ सारखे निघाले, पण बुरशी नाही. जिथं कँडिडा वाढलेली, तिथं पिचिया नावाची दुसरी एक यीस्ट कमी झालेली. ही पिचिया तशी गरीब, फळांवर, आंबवलेल्या पदार्थांत सापडणारी. मंडळींनी काय केलं, पिचिया एका पातळ खाद्यात वाढवली, मग तिला गाळून काढून टाकलं, आणि ते उरलेलं पाणी कँडिडावर ओतलं. कँडिडाची वाढ थांबली! तिला चिकटता येईना, थर धरता येईना. तोंडाची बुरशी झालेल्या उंदरांना ते पाणी दिलं, तर त्यांच्या जिभा सुधारल्या. म्हणजे कँडिडाला आवरण्याचं जे श्रेय आपण सगळं सीडी-४ पेशींनाच देत होतो, त्यातला थोडा वाटा या शेजारणीचाही असणार. आपल्या तोंडात आपल्याला न विचारता कोण कोणाला दाबून ठेवतंय, याचा हिशेब आता कुठं लागायला लागलाय.

आणि शेवटी हिरडीतल्या एका गृहस्थाचं सांगतो, मग उठा. पॉर्फिरोमोनास जिंजिव्हॅलिस हे त्याचं नाव, उच्चारता नाही आलं तरी चालेल. हिरड्या सुजवून दात हलवणाऱ्या जिवाणूंत हा मोठा उस्ताद. हवा सोसत नाही, म्हणून दात आणि हिरडी यांच्या खोल खाचेत राहतो आणि ब्युटिरिक आम्ल नावाचं एक घाण आम्ल टाकत राहतो. खवट लोण्याचा जो वास असतो ना, तो त्याच आम्लाचा. आता एचआयव्हीचा विषाणू औषधांनी का मरत नाही, तर काही सीडी-४ पेशींत तो आपला मजकूर पेशीच्या डीएनएत शिवून टाकतो आणि निजतो. तो डीएनए तिथं प्रथिनांभोवती घट्ट गुंडाळलेला असतो, त्यामुळं मजकूर वाचला जात नाही, आणि औषधं निजलेल्याला ओळखत नाहीत. गोळ्या जन्मभर घ्याव्या लागतात त्या म्हणूनच. टोकियोच्या निहोन विद्यापीठात इमाई आणि ओचियाई यांना २००९ साली असं दिसलं की प्रयोगशाळेतल्या पेशींवर या हिरडीतल्या जिवाणूचं पाणी घातलं, तर ते खवट आम्ल ती घट्ट गुंडाळी सैल करतं आणि निजलेला विषाणू जागा होतो.

ही वाईट बातमी खरी, पण हे सगळं काचेच्या बशीतल्या पेशींतलं. आणि ज्या माणसाच्या गोळ्या नियमित चालू आहेत, त्याच्या अंगात जागा झालेला विषाणू बाहेर पडला तरी त्याला दुसऱ्या पेशीत पाय ठेवता येत नाही. हिरड्या सांभाळा एवढं डॉक्टर सांगतातच, ते याशिवायही सांगितलंच असतं. पण यातली मजा पुढंच आहे. एचआयव्ही मुळासकट उपटायचा तर निजलेल्या विषाणूला आधी मुद्दाम उठवायला हवं, अशी एक युक्ती शास्त्रज्ञ कधीपासून करताहेत. २०१२ मध्ये अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिनात डेव्हिड मार्गोलिस यांनी गोळ्या चालू असलेल्या माणसांना व्होरिनोस्टॅट नावाचं कर्करोगाचं महागडं औषध दिलं, आणि निजलेल्या पेशींत विषाणूची हालचाल सुरू झाली. ते औषध काय करतं? तीच गुंडाळी सैल करतं, अगदी त्या खवट आम्लाच्याच पद्धतीनं. विषाणू जागा होतो, पण तो ज्या पेशीत आहे ती पेशी मात्र मरत नाही, म्हणून साठा काही घटत नाही, आणि त्या जागवलेल्या पेशी संपवायच्या कशा यावर मोठमोठ्या प्रयोगशाळा अजून खपताहेत, कोट्यवधींची अनुदानं लागताहेत. हिरडीतल्या त्या गृहस्थानं मात्र याच कामासाठी कुणाकडं कधी दमडी मागितलेली नाही.